पुढं ढकललेला सीन

मंडळाचा एक नियम होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण लिहिलेल्या नियमांपेक्षा कडक पाळला जायचा. पिक्चर बघून झाल्यावर जो तोंड उघडणार नाही, त्याला चहा नाही. दादानं तो घातला होता, कारण सुरुवातीला लोक लावेल तो परदेशी पिक्चर मुकाट बघायचे, भडंग खायचे आणि "बरा होता" म्हणून चपला घालायचे. आता गाडी उलट्या दिशेला गेली होती. कोल्हापूरच्या माणसाला एकदा बोल म्हटलं की थांब म्हणायची सोय राहत नाही.

मंगळवार पेठेतल्या एका तालमीच्या वरच्या मजल्यावर मंडळाचा हॉल होता. महिन्यातून एकदा रविवारी दुपारी तिथं पडदा लागायचा. दादा बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यानं हा उद्योग काढला होता. त्याची धाकटी बहीण श्यामला शाळेत गणित शिकवायची, लग्न न करता आईजवळ राहायची आणि मंडळात खिडकीजवळची शेवटची खुर्ची धरून बसायची. त्या रविवारी तिचा येण्याचा अजिबात विचार नव्हता, कारण बुधवारी अमावास्या होती आणि बुधवारी घाटावर भैरवीला जाळायचं होतं.

भैरवी म्हणजे या दोघांच्या पाठची, शेंडेफळ. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी ती सासरहून "ब्लाऊज टाकून येते" म्हणून निघाली आणि परत आली नाही. तिची स्कूटर एसटी स्टँडच्या पार्किंगमध्ये मिळाली. त्यापुढं काही मिळालं नाही. पोलीस झाले, ज्योतिषी झाले, जोतिबाला नवस झाला. आणि बघता बघता एक तप उलटलं. बारा वर्षं ज्याची वार्ता नाही त्याला गेला समजावं, दर्भाची आणि पळसाच्या पानांची प्रतिमा करावी आणि तिला अग्नी द्यावा, असा रिवाज आहे. तो दादानंच काढला. श्यामला भांडली, रडली, शेवटी दमली. आई मात्र हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. ती नुसती उठली आणि घरच्या जुन्या फोनचा रिसीव्हर कानाला लावून आवाज येतोय का बघून आली. तो फोन तिनं कुणाला काढू दिला नव्हता.

घरात बसून तरी काय करायचं, म्हणून श्यामला आली.

पिक्चर कोरियाचा होता, आणि इतका संथ होता की महालिंगअण्णा मध्येच खाली जाऊन रस्त्यात लावलेली गाडी बाजूला घेऊन आले, तरी पडद्यावरची बाई तोच जिना चढत होती. समुद्राकाठचं गाव, सगळीकडं वाळत घातलेलं काळं शेवाळ, वारा. खाली एक म्हातारा सलून चालवतो. वरच्या खोलीत शेवाळाच्या कारखान्यात कामाला जाणारी एक बाई नवऱ्याबरोबर राहते. रोज संध्याकाळी ती जिन्याच्या पायरीवर आपले रबरी बूट काढून ठेवते, आपल्याकडं चपला काढतात तसे. एक दिवस बूट पायरीवर असतात आणि बाई नसते. मग म्हातारा तिला शोधायला लागतो. बंदरावर विचारतो, कारखान्यात विचारतो, पोलिसांपुढं उभा राहतो. नवरा बिचारा जिन्यावर बसून राहतो. बूट तसेच. पाऊस पडून त्यांत पाणी साठतं. आणि अगदी शेवटी एका सकाळी म्हातारा दुकान उघडायला येतो तर बूट नाहीत. पायऱ्यांवर ओल्या पावलांचे ठसे आहेत, आणि ते वर जाताहेत की खाली येताहेत हे काही केल्या कळत नाही. म्हातारा ठशांकडं बघत राहतो. पडदा काळा होतो.

मध्ये एकदाच लोक हसले होते. ती बाई सलून बंद झाल्यावर खाली येते, म्हातारा शटर ओढतो, बाई त्याच्याकडं पाठ करून शर्टाची बटणं काढायला लागते, आणि तेवढ्यात दादानं रिमोट दाबला. पडद्यावर माणसं भराभरा हलली आणि एकदम सकाळचं बंदर आलं. हे सगळ्यांच्या सवयीचं होतं. दादा प्रत्येक पिक्चर आधी घरी बघायचा आणि बायामाणसांसमोर नको ते पुढं ढकलायचा.

"दादा, आमची वयं झाली की आता!" महालिंगअण्णा ओरडले, आणि हॉल हसला.

दिवे लागले तेव्हा मात्र कुणी लगेच उठलं नाही. खालच्या तालमीत कुणीतरी शड्डू ठोकला, तेवढाच आवाज.

"म्हाताऱ्यानंच मारली," महालिंगअण्णांनी पहिला गोळा टाकला. मार्केट यार्डात गुळाचा व्यापार केलेला माणूस, त्यांना हळू बोलता येत नसे. "परक्या बाईला कोण एवढं शोधतंय हो? चोर असतोय तोच मोठ्यानं बोंबलतोय. मेली की ती!"

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं, शांतादेवींनी, त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की तो शेवटच्या खुर्चीपर्यंत दिसला. भैरवीचं प्रकरण पेठेत कुणाला माहीत नव्हतं? अण्णांनी जीभ चावली आणि उगाच भडंगाच्या कागदात बोटं घातली.

राजस नावाचा एक सॉफ्टवेअरवाला मुलगा होता. त्यानं सांगितलं की बाई मुळात नव्हतीच, म्हातारा एकटा आहे, त्यानं ती मनात रचली. राजसला कुठल्याही पिक्चरमधलं कुणीही मुळात नव्हतंच असं वाटायचं. शांतादेवींना विचारलं तर त्या बराच वेळ पदर सारखा करत राहिल्या. "मला वाटलं, ती तिथंच हाय," त्या म्हणाल्या. "जिन्यावर. मेली आसंल, खरं तिला खाली ये म्हणून कुणी सांगितलंच न्हाई."

श्यामला खुर्चीत सावरून बसली. आपणही आता काहीतरी बोललं पाहिजे, नाहीतर सगळे वळून बघतील, म्हणून तिनं मघापासून टोचत असलेली एक क्षुल्लक गोष्ट विचारली. "त्या म्हाताऱ्याचा कोट कुठं गेला? आधी सारखा अंगात होता. ती गेल्यावर एवढ्या थंडीत नुसत्या शर्टावर फिरतोय."

"बाई, माणूस गायब झालंय आणि तुम्ही कोट शोधताय व्हय!" अण्णा म्हणाले आणि सगळे पुन्हा हसले.

दादा हसला नाही. तो पडद्यापाशी उभा होता. "हात वर करा," तो म्हणाला. "ती मेली असं कुणाकुणाला वाटतं?"

सगळा हॉल हात वर करून बसला. राजसनंही केला, न जन्मलेली बाई मेली म्हणायला त्याला काही अडचण वाटली नाही.

"जिवंत हाय असं कुणाला वाटतं?"

एकही हात नाही. दादा थांबला. एवढा वेळ थांबायचं काही कारण नव्हतं. त्यानं एकेका रांगेवरून नजर फिरवत शेवटच्या खुर्चीपर्यंत आणली. श्यामलाचे हात मांडीवर होते. तिला ते दगडासारखे जड वाटत होते.

"चहा घ्या," दादा म्हणाला. स्वतः मात्र त्यानं घेतला नाही. कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाला, "मी कुठं बोललोय?"

घरी आल्यावर श्यामला चपलांच्या रॅकपुढं उभी राहिली. खालच्या फळीवर भैरवीच्या माहेरच्या चपला होत्या, अंगठ्याजवळ झिजलेल्या. केर काढताना ती इतकी वर्षं त्यांना वळसा घालत आली होती. आज पहिल्यांदा तिला त्यांची भीती वाटली. उद्या या जागेवर नसल्या तर, असं वाटलं, आणि मग बुधवारनंतर त्या आपणच उचलणार आहोत हे आठवलं.

रात्रभर तो कोट तिच्या डोक्यातून गेला नाही. गणिताच्या बाईला उत्तर चुकलं तर चालतं, पण मधली पायरी गाळलेली चालत नाही. मंडळाला पिक्चर राजसच उतरवून द्यायचा. सोमवारी सकाळी तिनं त्याला फोन केला, शाळेत जाताना त्याच्याकडून पेन ड्राइव्ह घेतला आणि दुपारी शाळा सुटल्यावर रिकाम्या स्टाफरूममध्ये कॉम्प्युटरवर पिक्चर लावला. थेट त्या बंद सलूनपाशी गेली.

बाई शर्ट खांद्यावरून खाली घेते. पाठभर भाजल्याचे डाग आहेत, जुने काळे आणि नवे लाल. म्हातारा तोंड फिरवतो. ती म्हणते, बघा. तो बघतो.  म्हातारा शर्ट तिच्या खांद्यावर परत ओढतो, तिला खुर्चीत बसवतो, कात्री घेतो आणि तिचे लांब केस पुरुषासारखे कापतो. स्वतःच्या अंगातला कोट काढून तिला घालतो. जाताना ती एवढंच सांगते: मला कुणी पाहिलं नाही. तुम्हीही नाही. सगळ्यांच्या पुढं तुम्हीच मला शोधा, म्हणजे तुमच्यावर कुणाचा संशय येणार नाही.

पुढं ढकलण्यासारखं त्यात काहीही नव्हतं. आणि दादानं तो सीन आधी बघितला होता.

श्यामलानं पिक्चर थांबवला. पडद्यावर म्हाताऱ्याचा कोट तसाच उभा राहिला, चॉकलेटी रंगाचा. आणि तिला वहिनीचा आवाज ऐकू आला. "एवढं भारीतलं जर्किन, वर्षसुद्धा झालं नव्हतं, आणि एसटीत विसरून आले!" त्या वर्षी दादा आजऱ्याच्या शाखेत होता. तिथं खोली घेऊन राहायचा आणि शनिवारी घरी यायचा. भैरवी गेली त्याच आठवड्यात तो नुसत्या शर्टावर कुडकुडत आला होता, आणि दुःखाच्या त्या गडबडीत जर्किनाचं वहिनीशिवाय कुणाला काही वाटलं नव्हतं. मग भैरवीला शोधत सगळ्यांत जास्त कोण हिंडलं? दादा. मिरज, बेळगाव, सोलापूर. फोटो घेऊन प्रत्येक स्टँडवर उभा राहिला. बढती आली तरी घेतली नाही, निवृत्त होईपर्यंत आजऱ्याची शाखा सोडली नाही. लोक म्हणाले, बहिणीच्या दुःखानं माणूस मागं पडला.

आजऱ्याच्या पलीकडं, घाटाखाली, तेवढं त्यानं कधी शोधलं नव्हतं.

ती तशीच हॉलवर गेली. दादा खुर्च्या एकात एक घालून ठेवत होता. उन्हं खिडकीतून आत आली होती. खाली तालमीत लाल माती उकरल्याचा वास येत होता.

"दादा, तुझं चॉकलेटी जर्किन कुठल्या गाडीत विसरलं होतंस?"

त्याच्या हातातली खुर्ची तशीच राहिली. मग त्यानं ती नीट खाली ठेवली आणि तिच्यावरच बसला. "बघितलास व्हय पूर्ण," तो म्हणाला.

"बघितला."

"पाठ बघितलीस?"

"बघितली."

"तशीच होती." दादानं चष्मा काढला. "बहिणीची पाठ भावानं बघू न्हाई, श्यामे. मी तोंड फिरवलं. तर म्हणाली, दादा, बघ. आईला दाखवायचा धीर न्हाई, ताईला दाखवायचा न्हाई. तू बघ. ती स्टँडवर गाडी लावून तशीच आजऱ्याला आली होती, माझ्या खोलीवर. केस मीच कापले. कागद कापायच्या कात्रीनं. वेडेवाकडे झाले तर हसायला लागली. हसली, श्यामे. तेवढं हसणं मला अजून ऐकू येतंय."

 श्यामलाच्या डोळ्यांपुढं सम्राटराव आले, भैरवीचा नवरा. शिरोली एमआयडीसीत फाउंड्री, बोलणं मऊ, चालणं मऊ. दर दिवाळीला पेढ्यांचा बॉक्स घेऊन येणार, आईच्या पाया पडणार आणि हळूच विचारणार, काही कळलं का हो? श्यामलाला त्यांची कीव यायची. तिनं स्वतःच्या हातानं त्यांना बारा दिवाळ्या फराळ वाढला होता. आता त्या हातांची तिला किळस आली.

"मग गेली कुठं?"

"सावंतवाडीच्या गाडीत बसवली पहाटे. पुढं कुठं जाणार ते मला सांगू नको म्हणालो. माहीत असलं तर कधीतरी तोंडातनं निघंल. एवढंच ठरलं होतं, की जागेवर पोचली की शाखेत फोन करायचा, 'शशिधर आहेत का' विचारायचं, आणि ठेवून द्यायचा. शशिधर नावाचा माणूसच नव्हता आमच्याकडं. म्हणजे मला कळलं असतं."

"आला?"

"न्हाई."

 बढती का घेतली नाही, ते श्यामलाला आता कळलं. माणूस फोनजवळ बसून राहिला होता. कुणीतरी शशिधरला विचारील म्हणून.

"आईला तरी सांगायचंस! मला सांगायचंस!" ती ओरडली, शाळेत कधी ओरडली नाही एवढ्यानं. "ती बाई रोज उठून फोन कानाला लावतीय, आणि तू शेजारी बसून बघतोस?"

"काय सांगू? सुटली म्हणून सांगू? सुटली का ते मला कुठं माहीत हाय?" दादाचा आवाज फुटला. "मी तिला वाचवली का त्या घाटात नेऊन मारली, हे मलाच ठाऊक न्हाई. घरी राहिली असती तर निदान डोळ्यांसमोर असती. कुठं उतरली, कोण भेटलं, त्या केसांत तिला कुणी काय समजलं... रोज नवीन पिक्चर दिसतोय मला, रोज वेगळा शेवट. तुला आईकडं बघून झोप लागत न्हवती. माझी झोप तर त्या गाडीतच बसून गेली."

"आणि तरी तिला जाळायला निघालास."

"म्हणून तर निघालो." तो पुढं झुकला. "सम्राट दुःखात न्हाई, श्यामे. तो पाळतीवर हाय. पेढे देताना माझ्या डोळ्यांत बघतोय तो. आपणच तिला अग्नी दिला, गाव जेवलं, की त्याचं शोधणं संपलं. मग ती असंल तिथं तिच्या कानावर जाईल, की आता मागं कुणी न्हाई. मग येईल."

"आणि नसली तर?"

"तर आपण बरोबरच केलं."

श्यामला त्याच्याकडं बघत राहिली. तिला त्याचा राग येत होता, त्याला धरून रडावंसं वाटत होतं, आणि दोन्हींतलं आधी काय करावं ते सुचत नव्हतं. "पिक्चर तरी कशाला लावलास मग?"

"लोकं काय म्हणतात ते ऐकायचं होतं. तो सीन दाखवला असता तर सगळे म्हणाले असते, सुटली. ते खोटं झालं असतं, कारण सीन बघून म्हणाले असते. मला तो न बघता म्हणणारा एक माणूस पाहिजे होता." त्यानं तळहात पालथे केले, मांडीवर ठेवले. "एक हात, श्यामे. तू तरी वर करशील असं वाटलं होतं."

 कोपऱ्यात मंडळाची शेगडी होती. तिनं आधण ठेवलं, साखर जास्त घातली आणि कप त्याच्या हातात दिला. बोलला होता, आता त्याला चहा द्यायला हवा होता.

बुधवारी सकाळी पंचगंगेच्या घाटावर मंडळी जमली. महालिंगअण्णा आणि शांतादेवी आले होते, भावकी आली होती. बायकांनी घाटावर येऊ नये असं दोघातिघांनी श्यामलाला सांगून बघितलं, आणि तिचा चेहरा बघून नाद सोडला. सम्राटराव पांढरा शर्ट घालून, हात जोडून, सगळ्यांच्या थोडे मागं उभे होते. अग्नी त्यांनीच द्यायचा होता. नवऱ्याचा मान.

गुरुजींनी दर्भ आणि पळसाची पानं बांधून माणसाएवढं काहीतरी केलं होतं. डोक्याच्या जागी नारळ. दुरून बघितलं तर खरंच कुणी कुशीवर निजल्यासारखं वाटायचं. आईनं पिशवीत साडी दिली होती, प्रतिमेवर घालायला. श्यामलानं पिशवी उघडली आणि घडी बघून चपापली. ती भैरवीची साडी नव्हती. आईची स्वतःची होती, श्रावणात नेसायची, हिरव्या काठांची. भैरवीच्या साड्यांनी कपाट भरलं होतं, त्यातली एकही आईनं काढली नव्हती. श्यामलानं काही न बोलता ती पसरली.

"सुरू करण्याआधी विचारायचं असतं," गुरुजी म्हणाले. "या बारा वर्षांत हिची काही वार्ता? कुणी पाहिलं, कुणी ऐकलं? ही जिवंत आहे असं कुणाच्या मनात असेल तर आत्ताच सांगा. नंतर बोलून उपयोग नाही."

सम्राटरावांची नजर वर आली आणि सरळ दादावर जाऊन बसली. किती मऊ दिसायची ती नजर! दादानं तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. त्याची हनुवटी हलायला लागली. आणि श्यामलाला कळलं की आणखी क्षणभर हे असंच राहिलं तर त्या माणसाला सगळं समजणार आहे. तिचा उजवा हात आपोआप वर यायला निघाला होता. रविवारी जो हलला नव्हता तोच हात. तिनं डाव्या हातानं मनगट घट्ट धरून तो खाली दाबला.

"नाही," ती मोठ्यानं म्हणाली. "काही वार्ता नाही. कुणी पाहिलेलं नाही. आमची भैरवी गेली."

शांतादेवींनी पदर तोंडाला लावला. गुरुजींनी मान हलवली आणि पळीनं पाणी सोडायला घेतलं.

"गुरुजी, एक विचारू?" श्यामलाच म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटत होता. "एवढं सगळं करून उद्या माणूस परत आलं, तर?"

अशा वेळी असलं कोण विचारतं, म्हणून लोकांनी एकमेकांकडं बघितलं. गुरुजी मात्र रागावले नाहीत. "त्याचंही सांगून ठेवलंय," ते म्हणाले. "आलेल्या माणसाला तुपात न्हाऊ घालायचं. नुकतं जन्मलेलं मूल समजायचं. त्याचं बारसं करायचं, नाव नव्यानं ठेवायचं. मग ते आपलं."

"आणि लग्न झालेलं असलं तर?"

"जे जन्मलंच आज, त्याचं लग्न कुठलं झालेलं? नातं जोडायचं तर सगळं पहिल्यापासून. त्याच्या मर्जीनं."

सम्राटरावांच्या हातात पेटती चूड आली होती. तो हात थबकला. चार बोटांचं अंतर उरलं होतं, आणि तिथंच तो थांबला. लोक बघत होते. नदीवरून वारा आला तशी ज्योत त्यांच्याच बाजूला झुकली. बारा वर्षं ज्यानं "आमच्या हिचा काही पत्ता?" असं विचारलं, त्याला आता सगळ्या गावासमोर नको म्हणायची सोय नव्हती. त्यांनी चूड टेकवली. हिरव्या काठांनी आधी पेट घेतला, मग आत पळसाची पानं तडतडली. दादा पाठ फिरवून नदीकडं बघत उभा होता. श्यामला मात्र शेवटपर्यंत बघत राहिली.

राख नदीत सोडून, आंघोळ करून ती घरी आली तेव्हा आई सोफ्याशेजारी खाली बसली होती, फोनच्या अगदी जवळ. "झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

 श्यामला तिच्यासमोर बसली. सांगायचं ती वाटेतच ठरवून आली होती: आजऱ्याची खोली, कागद कापायची कात्री, ते हसणं. मग पाठ. मग न आलेला फोन. आईचे हात तिनं हातात घेतले. ते इतके हलके झाले होते की तिला पुढचं बोलवेना. पाठीचं सांगितल्याशिवाय गाडीचं सांगता येत नव्हतं, आणि गाडीचं सांगितलं की फोनचं सांगावं लागत होतं. तिनंही तो सगळा सीन पुढं ढकलला आणि एकदम घाटावर आली.

"आई, गुरुजी म्हणाले, परत आली तर चालतं," ती म्हणाली. "तुपात न्हाऊ घालायचं. बारसं करायचं. नाव दुसरं ठेवायचं. आणि मग ती कुणाची कुणी लागत नाही. फक्त आपली."

आई ऐकत होती. बाहेर कुणीतरी दुधाची किटली आपटत गेलं. आईनं हात सोडवून घेतले, भिंतीला धरून उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन माळ्याकडं बघत उभी राहिली. तिथं पोरींना लहानपणी न्हाऊ घालायचं तांब्याचं घंगाळ पालथं ठेवलेलं होतं, काळं पडलेलं.

"गाईचं म्हणाले का म्हशीचं?"

श्यामलाला क्षणभर कळलंच नाही. "काय?"

"तूप गं." आईनं मागं वळून बघितलं नाही. "घंगाळ काढ ते. कल्हई लावायला दे. आणि उद्यापासनं दुधावरची साय कुणी खायची न्हाई."